हरिहरेश्वरचं खडप: एका हिवाळ्याच्या फोटो नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज, पुणे

दादाने ओवाळणीत त्याची १५०-६०० मिमीची टेली लेन्स दिली, लांबचे पक्षी जवळ आणणारी. ताम्हनात मावणारी वस्तू नाही ती, त्यामुळे पाटाशेजारी ठेवली आणि म्हणाला, "माझ्या कपाटात बुरशी लागण्यापेक्षा तुझ्याकडे राहू दे, पण वापर हं." जवळपास दोन किलोची आहे, हातात धरून दहा मिनिटांत खांदा भरून येतो, तरी मी संध्याकाळभर गच्चीत जाऊन घारींवर फोकस करत बसले होते.

म्हणजे तीन वर्षं डोक्यात घोळणारा प्रकल्प आता सुरू. हरिहरेश्वर आमचं कुलदैवत. आई दरवर्षी जायची आणि प्रदक्षिणा करायचीच, देवळामागून डोंगर चढायचा, मग दोन कातळांमधल्या फटीतून पायऱ्या उतरत थेट समुद्राशी आणि तिथून खडपावरून, म्हणजे किनाऱ्यावरच्या पसरट कातळावरून, चालत परत देवळात. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते बंद झालं. दर्शन अजूनही होतं, पण तिला मनापासून आवडायचा तो खालचा काळा कातळ, लाटा आणि पांढरी पाखरं, ती स्वतःच सांगते. तर ते सगळं तिच्या कर्वेनगरच्या घरातल्या पॅसेजच्या भिंतीवर आणायचं असं ठरवलंय. १२ प्रिंट, निम्मी कातळाची आणि निम्मी पक्ष्यांची. जागा एकच, हरिहरेश्वर. नोव्हेंबर ते मार्च, कारण बहुतेक कुरव (सीगल) आणि किनाऱ्यावरचे छोटे पक्षी हिवाळ्यापुरतेच येतात. आणि दोन गोष्टी करायच्या नाहीत, पक्ष्यांना खायला टाकून फोटो काढायचा नाही आणि उडतानाचा फोटो हवा म्हणून त्यांना मुद्दाम उडवायचं नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार, त्रिपुरी पौर्णिमा, हरिहरेश्वर

गुरुनानक जयंतीची सुट्टी होती म्हणून जोडून आलो. पहाटे साडेचारला कोथरूड सोडलं, चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणीत दाट धुकं, मग माणगाव, म्हसळा आणि साडेनऊला पोचलो. बॅग घरात टाकली आणि धावत खाली गेले तर खडप जागेवरच नाही! म्हणजे होतं, पण पाण्याखाली. लाटा सरळ डोंगराच्या पायाशी आपटत होत्या, प्रदक्षिणेच्या वाटेवर जायला मनाई होती आणि ती योग्यच होती, भरतीच्या वेळी त्या वाटेवर माणसं वाहून गेलेली आहेत. पाच तास गाडी चालवून दादा आणि मी वर पायरीवर बसून पाणी बघत राहिलो.

दुपारी जेवताना, ज्यांच्याकडे उतरलोय त्या काकांनी सोलकढी वाढता वाढता विचारलं, "तिथी बघून नाही आलात?" मी म्हटलं ॲपवर बघायचं राहिलं. ते म्हणाले, "ॲप कशाला गं. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सहाला पूर्ण भरती. आज पौर्णिमा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा तास मोज, ओहोटी." मग घरात जाऊन कालनिर्णय घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवलं. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण मी नंतर ॲपवर चार-पाच दिवस ताडून बघितलं आणि हिशोब बसतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तिथीमागे पाऊण तास म्हणजे तेच झालं.

आणि मग संध्याकाळी साडेपाचला खाली उतरले तेव्हा कळलं की त्या एका वाक्यात माझं पुढचं सगळं वेळापत्रक होतं. या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी, म्हणजे ओहोटी बरोबर सूर्य उगवायच्या आणि मावळायच्या सुमाराला. आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप आत जातं, एरवी न दिसणारा कातळ उघडा पडतो. सहा वाजता सूर्य टेकला तेव्हा खडपावरची शेकडो छोटी डबकी केशरी झाली होती, मधला कातळ पूर्ण काळा आणि त्यावर हिरव्या शेवाळाची किनार. वाइड लेन्स कमरेच्याही खाली, जवळजवळ डबक्याला टेकवून, एफ ११, ट्रायपॉड. यातले निदान दोन फोटो भिंतीवर जाणार.

पक्ष्यांचं मात्र काहीच जमलं नाही. कातळाच्या अगदी टोकाला पन्नासेक कुरव बसले होते. मी हळूहळू पुढे गेले, ते उठले आणि शंभर फूट लांब बसले, मी परत गेले, ते परत उठले. असं पाच वेळा झालं. चौथ्यांदा उडाले तेव्हाच मला थांबायला हवं होतं. सैबेरिया-मंगोलियाकडून, हिमालयाच्या पलीकडून आलेली पाखरं, त्यांना दिवसात खायला पाणी ओसरल्यावरचे मोजकेच तास मिळतात आणि त्यातली वीस मिनिटं मी खाल्ली. एकही फोटो धड नाही, सगळ्यांच्या पाठी.

रात्री देवळात त्रिपूर पाजळला. कॅमेरा नेला नाही, नुसतं बघितलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सातला खडपावर. सूर्य डोंगराच्या मागून येतो त्यामुळे साडेआठपर्यंत खाली ऊनच नसतं, नुसता निळसर प्रकाश. लँडस्केपसाठी बरा, पण उडत्या पक्ष्याला १/२००० चा शटर लागतो, तो मिळेना.

एक समुद्री बगळा मात्र मिळाला, तो काळपट राखाडी आणि गळ्यावर पांढरा डाग असलेला. यांच्यात पूर्ण पांढरेही असतात, तोच पक्षी, फक्त रंग वेगळा. हा डबक्याच्या कडेला मान तिरकी करून उभा होता, एक पंख अर्धा उघडून पाण्यावर सावली धरली, पिवळा पाय पाण्यात थरथर हलवला आणि चोच आत. बाहेर आली तेव्हा चोचीत बोटाएवढा मासा. मी डबक्यामागे बसलेले होते, हलले नाही, तो माझ्यापासून बारा-पंधरा फुटांवर आला. कालच्या पन्नास कुरवांपेक्षा हा एक बगळा जास्त शिकवून गेला.

घरी येऊन फाइल्स उघडल्या तर कुरवांच्या पांढऱ्या पिसांमध्ये डिटेलच नाही, नुसता चुन्याचा ठिपका. कारण कळलं. फ्रेमभर काळा कातळ असला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि पांढरा पक्षी जळतो. काळ्या दगडावरचा पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर एक ते सव्वा स्टॉप (उजेडाचं माप) कमी करायचा, तोच पक्षी आकाशात उडाला की उलट एक स्टॉप वाढवायचा. हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

२४ नोव्हेंबर, रविवार, पुणे

कवडीपाटला सरावासाठी गेले. सोलापूर रस्त्याने हडपसरच्या पुढे, मुळा-मुठेवर. बंधाऱ्याच्या खाली फेस आणि प्लास्टिक इतकं की बघवत नाही आणि त्याच पाण्यावर नदी सुरय (टर्न), शेकाटे आणि धोबी मजेत. दोन तास फक्त उडत्या सुरयला फोकसमध्ये धरायचा सराव. शंभर फोटोंत अकरा धारदार. डोळा व्ह्यूफाइंडरला लावल्यावर पक्षी शोधायचा नाही, आधी नुसत्या डोळ्याने पकडायचा आणि नजर न हलवता कॅमेरा वर आणायचा, ही दादाची युक्ती. तिने फरक पडतो.

७ डिसेंबर, शनिवार, चंपाषष्ठी, हरिहरेश्वर

या वेळी हिशोब करून आले. षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे अकराच्या आसपास ओहोटी आणि दुपारभर पाणी चढत जाणार. विचार असा होता की चढत्या पाण्याबरोबर पक्षी मागे मागे, किनाऱ्याकडे येतील. आणि तसंच झालं! ओहोटीला पक्षी सगळ्या वाळूवर आणि कातळावर पांगलेले असतात, खात असतात, पाणी चढायला लागलं की त्यांची जागा कमी कमी होत जाते आणि मग सगळे जाती-पाती विसरून उरलेल्या उंच कातळावर दाटीवाटीने येऊन बसतात. मी अडीच वाजता एका कोरड्या कातळाला टेकून बसले, काही केलं नाही, फक्त बसले आणि साडेतीनपर्यंत वीस-पंचवीस चिखल्ये (किनाऱ्यावरचे छोटे पक्षी) माझ्या समोरच्या दगडावर. वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर.

फक्त वारा आणि ऊन दोन्ही समुद्राकडून होतं. पक्षी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून बसतो, उतरताना आणि उडतानाही वाऱ्याकडेच, म्हणजे दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात त्यांची तोंडं समुद्राकडे आणि माझ्याकडे पाठी, वर सूर्य समोरून. सगळ्या काळ्या आकृत्या. सुंदर होत्या, पण चेहरे नाहीत.

मी त्याच विचारात होते आणि पाण्याकडे लक्ष कमी पडलं. एक लाट बाकीच्यांपेक्षा मोठी आली, माझ्या डावीकडच्या घळीत शिरली आणि तिथून सरळ वर उसळून माझ्या अंगावर. मी भिजले ते जाऊ दे, लेन्स ट्रायपॉडवर पूर्ण ६०० ला बाहेर काढलेली होती, खारं पाणी थेट तिच्या नळीवर. रुमालाने टिपलं, गोड्या पाण्याने ओला करून पिळलेल्या फडक्याने पुसलं, पण झूम फिरवताना आत करकर वाजायला लागलं. तिथेच बंद केली. दादाला फोन केला तेव्हा रडायलाच आलं. तो म्हणाला, "तू कुठे उभी आहेस आत्ता? आधी वर ये." लेन्सबद्दल विचारलंच नाही.

८ डिसेंबर, रविवार

टेली नाही, म्हणून खाली बघत चालले.

इथला कातळ म्हणजे बसाल्ट, ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, आपल्या पर्वतीचा आणि सिंहगडाचा दगड तोच. पण समुद्राने त्याचं काय केलंय ते बघण्यासारखं आहे. भरतीच्या रेषेच्या वरच्या भिंतीला पूर्ण जाळी पडलीय, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, काही खळगे वाटाण्याएवढे, काहींत मूठ जाईल आणि मधल्या भिंती बोटभर जाड. बारा वाजता ऊन चढलं तेव्हा एका खळग्यात तोंड घालून बघितलं तर तळाशी पांढरी भुकटी होती. बोट लावून जिभेवर ठेवली. मीठ. लाटेचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक आत वाढतात आणि कण कण करून दगड फोडतात. एकदा छोटा खळगा झाला की त्यात ओल जास्त टिकते आणि तो आणखी खोल होत जातो. काल लेन्समध्ये जे करकर वाजत होतं ते हेच मीठ, आणि ही अख्खी भिंतसुद्धा त्यानेच कोरलीय.

ऊन बरोबर डोक्यावर असताना या जाळीचे फोटो सपाट येतात. एक वाजल्यानंतर ऊन तिरकं झालं आणि प्रत्येक खळग्याला अर्धी सावली मिळाली, तेव्हा घेतले. पोलरायझर लावला की ओल्या दगडावरची चमक जाते आणि आतला तपकिरी-जांभळा रंग दिसतो. पाण्याच्या जवळच्या दगडांवर कालवं चिकटलेली, गावातल्या दोन मावश्या कोयतीने ती फोडून आतला गर डब्यात जमवत होत्या. हाताचे फोटो काढू का विचारलं, त्या म्हणाल्या काढ की. हाच बहुतेक या प्रकल्पातला सगळ्यात आवडता फोटो होणार आहे, ओली बोटं, कोयती आणि कालवाचं मोत्यासारखं चमकणारं आतलं अंग.

११ डिसेंबर, पुणे

लेन्स दुरुस्तीला दिली. मीठ आत गेलंय, पूर्ण उघडून साफ करावी लागेल, पाच-सहा आठवडे.

नवीन नियम वहीत: एका ठरावीक दगडावर नजर ठेवायची, पाणी त्याला लागलं की कितीही भारी फोटो समोर असला तरी उठायचं. आणि दर दहा मिनिटांनी मान वर करायची, फोनवर व्हायब्रेशन लावून.

१२ जानेवारी २०२५, रविवार, भिगवण

मैत्रिणीची लेन्स घेऊन उजनीच्या बॅकवॉटरला. इथे कुरव हजारोंनी आहेत, ओळखायला शिकायला उत्तम जागा. ब्राउन हेडेड आणि ब्लॅक हेडेड हे दोघे हिवाळ्यात जवळजवळ सारखे दिसतात, दोघांच्या कानाशी नुसता एक काळा ठिपका. फरक पंखाच्या टोकात. ब्राउन हेडेडचं टोक काळं आणि त्यात पांढरे आरशासारखे ठिपके, डोळाही फिका. ब्लॅक हेडेडच्या पंखाची पुढची कड पांढरी, डोळा गडद. दुपारपर्यंत दहापैकी आठ बरोबर ओळखायला लागले.

आमच्या होडीवाल्या दादांनी फोटोसाठी पाण्यात मासे फेकले, लगेच दोनशे पक्षी डोक्यावर. मी त्यांना नको म्हटलं. त्यांचा राग नाही, तेच त्यांचं पोट आहे आणि गिऱ्हाईक तेच मागतं. पण मांडव्याच्या लाँचवर लोक गाठी-फरसाण फेकतात तेही मला बघवत नाही, मासे खाणाऱ्या पाखराच्या पोटात तळलेलं बेसन कशाला? आणि असे फोटो सगळे एकसारखे येतात, पक्षी वर, तोंड उघडं, मागे नुसतं निळं. पक्षी कुठे राहतो, कसा राहतो, काहीच कळत नाही.

२४ जानेवारी

लेन्स आली. झूम आता मऊ फिरतो. दादाला दाखवायला घेऊन गेले, त्याने फिरवून बघितली आणि परत माझ्याच बॅगेत ठेवली.

१ फेब्रुवारी, शनिवार, माघी गणेश जयंती, हरिहरेश्वर

काल ऑफिस सुटल्यावर निघालो, रात्री बाराला पोचलो, काकू जाग्या होत्या, म्हणाल्या, "ये गं, आधी दोन घास खा."

या वेळचा हिशोब मी दोन महिने करत होते. दुपारी ऊन आणि वारा समोरून येतो हे डिसेंबरमध्ये कळलं होतं. मग सकाळी काय? हिवाळ्यात रात्री जमीन गार होते आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, मतलई वारा. म्हणजे सकाळी पक्षी तोंड जमिनीकडे करून बसणार. सूर्यही जमिनीकडून, डोंगरावरून, माझ्या पाठीमागून. म्हणजे सकाळचं ऊन असताना चढतं पाणी मिळालं पाहिजे. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, भरती तीनला, ओहोटी नऊला. नऊला पाणी फिरणार आणि तेव्हाच ऊन डोंगर ओलांडून खडपावर उतरणार.

सव्वाआठला जाऊन बसले. मातकट रंगाचा शर्ट, गुडघ्याखाली जुनी सतरंजी, लेन्स बीनबॅगवर म्हणजे खरं तर तांदळाच्या पिशवीवर, जमिनीलगत. पाण्याच्या काठापासून मुद्दाम मागे, कारण पाणी माझ्याकडे येणार होतं. पहिला अर्धा-पाऊण तास काही नाही. खेकडे बाहेर आले, एक निवटी (उड्या मारणारा छोटा मासा) डबक्यातून उडी मारून माझ्या सतरंजीशी आली. लांब टोकाला कुरव आणि त्यांच्यात नारिंगी चोचीचे सुरय, लेसर क्रेस्टेड.

साडेनऊला टोकाचा दगड ओला झाला आणि पहिली तुकडी उठली. मी उठवली नाही, पाण्याने उठवली. ती उडून अर्ध्या अंतरावर आली. दहाला तोही दगड गेला. आणि मग ते सगळे, सत्तर-ऐंशी कुरव, वीसेक सुरय, चिखल्ये, दोन टर्नस्टोन, माझ्यासमोर तीस फुटांवरच्या कातळावर उतरायला लागले, तोंडं माझ्याकडे, पंख पसरलेले, पाय खाली सोडलेले, ऊन सरळ चेहऱ्यावर. मी श्वाससुद्धा हळू घेत होते. १/२५००, एफ ८, आयएसओ ६४०, सव्वा स्टॉप कमी. एक सुरय उतरताना शेजारच्याच्या अंगावर पडला आणि दोघांनी चोची उघडून भांडण केलं, त्यांच्या डोक्यावरचे काळे तुरे ताठ. टर्नस्टोन नावाप्रमाणे खरंच दगड उलटतो, चोचीने एक चपटा शिंपला पलटी केला आणि खालचं काहीतरी उचललं, हे सगळं माझ्या हातभर लांबीच्या लेन्समध्ये इतकं जवळ की त्याच्या नारिंगी पायावरचे वाळूचे कण मोजता येतील.

सव्वाअकराला माझा खुणेचा दगड भिजला. उठले. पण सरळ उभी राहिले नाही, बसल्या बसल्या मागे सरकत गेले आणि मोठ्या कातळाच्या आड गेल्यावरच उभी राहिले. एकही पक्षी उडाला नाही.

हे मला आज फोटोंपेक्षाही जास्त महत्त्वाचं वाटतंय.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी परत तिथेच, पण दोन कुत्री मोकळी धावत आली आणि सगळा थवा श्रीवर्धनकडे निघून गेला, परत आला नाही. मग लाटांचे फोटो केले. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावून अर्धा सेकंद ते पाव सेकंद शटर, लाट आली तेव्हा नाही तर परत जाताना. तेव्हा फेसाच्या रेघा कातळाच्या भेगांमधून ओढल्यासारख्या येतात. तीस सेकंदाचं करून बघितलं तर पाण्याचं धुकं झालं, दिसायला छान, पण मग तो समुद्र कुठलाही असू शकतो. आईला धुकं नको, पाण्याला ओढ दिसली पाहिजे. फिल्टरवर दर दोन मिनिटांनी तुषार, चार फडकी ओली झाली.

१५ मार्च, शनिवार, हरिहरेश्वर

काल धुळवडीच्या सुट्टीला आलो. आज फाल्गुन वद्य प्रतिपदा, ओहोटी पहाटे साडेसहा-सातच्या दरम्यान, म्हणजे ऊन खाली उतरेपर्यंत पाणी अर्धं वर. फेब्रुवारीपेक्षा कुरव निम्म्यावर आले असतील असं वाटलं होतं, मोजले तर चाळीसच. पण त्यांची डोकी! ब्राउन हेडेडचं डोकं आता खरंच चॉकलेटी, काळपट कडेचं, पूर्ण टोपडं घातल्यासारखं. ब्लॅक हेडेडचंही तसंच, आणखी गडद. परतीच्या प्रवासाची तयारी.

नेहमीच्या जागी बसले. साडेनऊपर्यंत थवा समोर, सगळं शांत, अर्धे झोपलेले, चोच पाठीच्या पिसांत. मी वाइड लेन्सचा दुसरा कॅमेरा शेजारी ट्रायपॉडवर लावून ठेवला होता, रिमोटवर, कातळ, थवा आणि मागची लाट सगळं एका फ्रेममध्ये येईल असा. अचानक सगळ्यांच्या माना वर. मला काही दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. पुढच्या क्षणी चाळीसच्या चाळीस एकदम हवेत, ओरडत, आणि त्याच वेळी मागे कातळावर लाट फुटली. रिमोट दाबून धरला. मग वर बघितलं तर समुद्री गरुड, पांढरं पोट, रुंद पंख, पाचरीसारखी शेपटी, डोंगराच्या कडेने निघून गेला. त्याचा फोटो नाही माझ्याकडे, त्या वेळी टेली हातात घेतली असती तर वाइडचा गेला असता.

कॅमेऱ्याच्या मागे झूम करून बघितलं. काळा ओला कातळ, त्यावर पसरलेले चाळीस पांढरे पक्षी, वर फुटलेली लाट आणि प्रत्येक पंखाच्या टोकातले पांढरे आरसे दिसतायत. पिसं जळलेली नाहीत. हात थरथरत होते माझे.

२३ मार्च, पुणे

प्रिंट. पहिले टेस्ट प्रिंट सगळे काळोखे आले, कातळात नुसता डांबरासारखा गोळा. लॅबचा दोष नाही, माझा मॉनिटर जास्त उजळ ठेवलेला होता, त्यावर छान दिसत होतं. ब्राइटनेस निम्म्याहून खाली आणला, सावल्या थोड्या उघडल्या आणि मॅट कागद घेतला, चकचकीत कागदावर पॅसेजमधला दिवा दिसत राहतो. १२ बाय १८ चे अकरा आणि थव्याचा एक मोठा, २४ बाय ३६. दुसऱ्या खेपेला जाळीच्या भिंतीतले खळगे इतके खरे आले की बोट आत जाईल असं वाटतं.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा, पुणे

गुढी उभारल्यावर दादाने ड्रिल मारलं, मी लेव्हल धरली, दुपारपर्यंत बारा लागले. आई वॉकर न घेता, भिंतीला हात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली. प्रत्येकापाशी थांबली. कालवं फोडणाऱ्या हातांपाशी बराच वेळ. मग पायऱ्यांच्या खालच्या फोटोपाशी म्हणाली, "इथे तुझ्या बाबांचं पाकीट पडलं होतं, लाटेने नेलं." आम्हाला दोघांनाही हे माहीत नव्हतं. शेवटी पोचल्यावर पदर खांद्यावरून घेतला आणि नमस्कार केला, मग परत उलटी चालत आली.

१२ एप्रिल, शनिवार, हनुमान जयंती, हरिहरेश्वर

कॅमेरा न घेता आलो. थव्याचा एक प्रिंट काका-काकूंसाठी फ्रेम करून आणला होता. काकांनी चष्मा लावला, खिडकीशी नेला.

"शिमग्यानंतरचा आहे," म्हणाले. "डोकी काळी झालीत."

मी हो म्हटलं.

"आणि अशी एकदम नाहीत उठत ती. वर कोण होतं? गरुड?"

काकूंनी पडवीतल्या खिळ्याकडे बोट दाखवलं, तिथे छान दिसेल म्हणाल्या. काका म्हणाले तिथे नको, खारा वारा लागतो, चार महिन्यांत कागद जाईल, माजघरात लावू, आणि हातोडी शोधायला आत गेले.